प्रवासाचं कारण : व्यवसाय

बीडला जाऊन आलो म्हटलं की आमच्या बंगळुरूच्या सोसायटीत लोक विचारतात, "तिथे काय आहे बघायला?" मी "सीताफळं" असं सांगून सुटतो. मी कशासाठी गेलो होतो हे बीडमध्ये पानटपरीवाल्यापासून मोटार मेकॅनिकपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मात्र माझा मुलगा आणि सून सोडले तर कुणालाच नाही. हा अन्याय दूर करावा म्हणून लिहायला बसलो.

मी मूळचा रत्नागिरीचा. चौतीस वर्षं बंदर खात्यात काढली. सात वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून मुलाकडे बंगळुरूला, तेराव्या मजल्यावर राहतो. मागच्या हिवाळ्यात मुलानं मला राजस्थानच्या सहलीला पाठवलं. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शैलजाबाईंना मिळाली. बाई बीडच्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन वीस वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. पहिल्याच दिवशी त्यांनी अरवलीच्या वयावरून गाइडला असं काही झापलं की तो पुढचे आठ दिवस डोंगर आला की खाली बघायचा. मला बाई आवडल्या. आता हे चौसष्टाव्या वर्षी सांगायला लाजायचं कशाला?

सहल संपली आणि फोन सुरू झाले. दहा महिने फोन. शेवटी एकदा मीच धीर करून म्हटलं, भेटू या का?  बाईंनी वर्गात सांगावं तसं सांगितलं.

"या. पण गाजावाजा नको. हॉटेलात उतरा. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता कंकालेश्वराच्या तळ्यावर या. मीही येते. दोघंही दर्शनाला आलोय, सहज भेटलो, असं दिसलं पाहिजे. बोलू. जुळलं तर मुलाला आणि दिरांना मी सांगेन. नाही जुळलं तर तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या. पण त्याआधी गावात एका जरी माणसाला कळलं ना, तर विषय तिथंच संपला असं समजा. वीस वर्षं या गावात मी मान वर करून चाललेय. साठीला आलेल्या बाईला काय सुचलं बघा, हे मला ऐकायचं नाही."

मी म्हटलं, कळणार नाही. आम्ही कोकणातली माणसं, पोटातलं ओठावर येऊ न देण्यात आमचा हात कोण धरणार!

गाडीची नोंदणी

बीडला विमान जात नाही. ते संभाजीनगरला उतरतं आणि पुढे तीनेक तासांचा रस्ता. एसटी होती, पण एसटीत शेजारचा माणूस तिकीट काढायच्या आत तुमचं गाव, पेन्शन आणि गुडघ्याचं दुखणं विचारून घेतो. म्हणून मी विमानतळ ते हॉटेल अशी खाजगी गाडी नोंदवायची ठरवली. इंटरनेटवर फार गोड लिहिलं होतं: शांत, सुरक्षित प्रवास, कुठेही न थांबता थेट हॉटेलच्या दारात, चालक तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा. मला हेच हवं होतं. मुलाला सांगितलं की बंदर खात्यातल्या मित्राची एकसष्टी आहे. बंदर खात्यातला माणूस बीडला कशाला राहील, हे सुदैवानं त्याच्या लक्षात आलं नाही.

फॉर्म भरत गेलो. प्रवासी एक. बॅग एक. पुढे प्रवासाचं कारण विचारलं होतं आणि दोनच पर्याय होते, पर्यटन किंवा व्यवसाय. माझ्या कारणासाठी त्यांनी जागा ठेवली नव्हती. एकट्या म्हाताऱ्यानं विमानानं येऊन बीडला पर्यटन करणं संशयास्पद दिसेल, म्हणून मी 'व्यवसाय'वर टिचकी मारली. पुढचं सगळं रामायण त्या टिचकीतून घडलं.

विमानतळावर

पाटी खरोखरच होती. फळांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर निळ्या पेनानं माझं नाव. पाटीमागे सलीमभाई. पन्नाशीचा माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि नखांत ग्रीस. बीडला त्यांचं गॅरेज आहे आणि जोडीला ही गाडी. त्यांनी माझी बॅग हातातून जवळजवळ हिसकावून घेतली.

गाडीच्या मागच्या सीटवर मोटरसायकलचा मडगार्ड, एक प्रेशर कुकर आणि जनावरांच्या औषधाचं खोकं ठेवलेलं होतं. मी जरा घुश्शातच म्हटलं, "मी खाजगी गाडी सांगितली होती."

"प्रायवेटच हाय साहेब," सलीमभाई म्हणाले. "दुसरी सवारी एक न्हाई. ह्ये तर सामान हाय. गाडी हिकडं यायलीच होती, तर लोकांनी सांगितलं येताना आणा म्हणून. न्हाई कसं म्हणावं?"

मी पुढे बसलो. गाडी गावाबाहेर पडायच्या आत पहिला प्रश्न आला.

"बीडला कोणाकडं?"

"कुणाकडे नाही. हॉटेलात."

सलीमभाईंनी गाडीचा वेग कमी केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "हॉटेलात? कावून? कोणीच न्हाई तुमचं बीडात?"

त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी अनाथाश्रमात निघालो होतो. आमच्याकडे पाहुणा हॉटेलात उतरतो म्हटला की यजमान मनातून सुटकेचा श्वास सोडतो आणि वर "छे छे, हे काही बरोबर नाही" असं म्हणतो. इथे माणूस हॉटेलात उतरतो म्हणजे जगात त्याचं कुणी उरलं नाही, असा अर्थ. मी घाईघाईनं म्हटलं, "अहो, कामासाठी आलोय."

"हां, कागदावर लिवलंय, धंदा म्हणून. कायचा धंदा हाय साहेब?"

दसरा नुकताच झाला होता. रस्त्याच्या कडेला पाटीत सीताफळं रचून बायका बसल्या होत्या, दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मी समोर जे दिसलं ते बोललो.

"सीताफळांचा."

रत्नागिरीत एवढ्यावर विषय मिटला असता. आपण होऊन पुढे विचारणं आमच्यात उर्मटपणाचं समजतात. शिवाय समोरचा खोटं बोलतोय हे बहुतेक वेळा ठाऊकच असतं. बीड जिल्ह्यात मात्र माणसानं आपलं काम सांगितलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर ते काम पडतं. करून द्यावंच लागतं. हा रिवाज मला कुणी सांगितला नव्हता.

सलीमभाईंनी फोन लावला. "सुन बे रऊफ, बंगलोर से पावने आए हैं. सीताफल के ब्योपारी. हौ, बडे! इमान से उतरे हैं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझा मेव्हणा हाय, उमापूरचा. फळाच्याच धंद्यात. तुमी कायबी फिकीर करू नका."

मला फिकीर तेव्हापासून सुरू झाली.

गोदावरीच्या अलीकडे आणि पलीकडे

शहागडच्या पुलावरून गोदावरी दिसते. त्या दिवशी पात्र काठोकाठ भरलेलं होतं, गढूळ, रुंद आणि कसलीही घाई नसलेलं. समुद्राकाठच्या माणसाला नद्यांचं फारसं कौतुक नसतं, पण मला ती आवडली. शैलजाबाई शेजारी असत्या तर उगमापासून सगळं सांगितलं असतं. मी मनातल्या मनात संध्याकाळचं पहिलं वाक्य जुळवत होतो. "नमस्कार, तुम्ही इकडे कशा?" हे वाक्य मी बंगळुरूपासून घोटत आणलं होतं.

पूल ओलांडल्यावर औषधाचं खोकं घ्यायला एक शेतकरी थांबला होता. त्याची म्हैस आजारी होती, तरी त्यानं आम्हाला चहा पाजला. चहा न घेता जायची मी भाषा केली तर म्हणाला, "म्हशीचं व्हईल बरं, तुमी बसा." मग माझ्याकडे बघत सलीमभाईंना विचारलं, "पाव्हणे कोण?"

"सीताफळाचे मोठे ब्यापारी. बंगळुरूला लई मोठी कंपनी हाय."

कंपनी माझी कधी झाली, मला कळलं नाही. गेवराईला कुकर उतरवला तोपर्यंत माझा माल दुबईला जायला लागला होता. मी दोनदा तोंड उघडलं. पण खोटं मागे घेतलं की खरं काय ते सांगावं लागतं, आणि खरं सांगायला मला बंदी होती. मी गप्प बसलो. सलीमभाई कौतुकानं म्हणाले, "मोठी माणसं बोलतच न्हाईत."

उमापूर

"जरा वळून जाऊ. जवळच हाय," असं म्हणून सलीमभाईंनी गाडी आडरस्त्याला घातली. बीडमध्ये 'जवळच' म्हणजे जाऊन-येऊन तास. मी घड्याळ दाखवलं, कुठेही न थांबता थेट हॉटेल असं ठरलंय याची आठवण करून दिली. "थेटच चाललोय साहेब," ते म्हणाले. "जेवून."

रऊफभाईंचं घर बाजाराला लागून. ओसरीवर फळांची क्रेट, आत स्वच्छ चादर अंथरलेली. खिचडी, खट्टा, खिमा आणि पापड. खट्टा म्हणजे चिंच, तीळ आणि शेंगदाण्याचं आंबट सार, ते खिचडीवर घ्यायचं. आमच्या सोलकढीचा अभिमान मी जन्मभर बाळगला. त्या दुपारी तो थोडा बाजूला ठेवून तीन वाट्या खट्टा प्यालो. वाढणाऱ्यांनी "घेणार का?" असं एकदाही विचारलं नाही. विचारतात ते न वाढण्यासाठी, असं रऊफभाईंचं मत पडलं.

जेवण झालं आणि परीक्षा सुरू झाली. रऊफभाईंनी एक सीताफळ माझ्या हातावर ठेवलं. "बघा, डोळे कसे पडलेत." फळावरच्या खवल्यांमधल्या फटी पांढरट झाल्या की ते काढायला आलं, त्याला डोळे पडणं म्हणतात, हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मी फळाच्या डोळ्याला डोळा भिडवून नुसता बसलो. काहीतरी बोलणं भाग होतं. मला आंब्याशिवाय दुसऱ्या फळातलं काही कळत नाही, म्हणून आंब्याचंच बोललो.

"अढी घालता का?"

 अढी म्हणजे आंबे पेंढ्यात पिकवायला घालणं, सीताफळासाठी हे कुणी विचारत नाही, कारण ते असंही दोन दिवसांत पिकतं आणि तिसऱ्या दिवशी जातं. पण रऊफभाईंनी मान हलवली. "बंगळुरूवाले काय काय तपासतेत बघ," ते सलीमभाईंना म्हणाले. "आपण कधी इचारच केला न्हाई." आणि उठून फोन करायला बाहेर गेले.

बीड, दुपार

हॉटेलात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. मी आधीच दोन तास उशिरा, आणि दारात क्रेटची उतरंड. तीन शेतकरी उभे. त्यातले वयानं मोठे, टोपी-धोतरातले बाबूराव, थेट आष्टीकडच्या डोंगरातून जीपनं आले होते. रऊफभाईंनी त्यांना सकाळीच कळवलं होतं, तेव्हाच ते निघाले होते. मॅनेजरनं मला दोन उशा जास्त दिल्या. मोठा व्यापारी म्हणून दिल्या की दमलेला म्हातारा म्हणून, कोण जाणे.

"आधी आराम करा," बाबूराव म्हणाले. "आमी बसतो हितं. मग बोलू."

मी खोलीत जाऊन पलंगावर बसलो. बोंबला! खाली तीन माणसं माझी वाट बघत बसली होती आणि पाच वाजता एक बाई. बाईंना फोन करावा असं वाटलं, पण काय सांगणार? की मी गुपचूप आलोय आणि सोबत दहा क्रेट आहेत? साडेचारला दाढी केली, चांगला शर्ट घातला आणि मागच्या जिन्यानं उतरलो. मागचा जिना लॉबीतच येत होता.

"कुठं निघालात?" सलीमभाईंनी विचारलं. ते अजून गेलेच नव्हते. घेऊन आलेला पाहुणा वाऱ्यावर सोडून कसं जायचं, म्हणून थांबले होते.

"देवाला. कंकालेश्वराला. एकटाच जाऊन येतो."

"एकट्यानं?" बाबूराव उठले. "पाव्हणा एकटा देवाला जातो व्हय? चला."

मी नको म्हटलं. हात जोडले. एकांतात दर्शन घ्यायचा नवस आहे, असंही सांगून पाहिलं. नवसाचं नाव काढताच बाबूरावांनी एक क्रेट खांद्यावर घेतलं. देवाला आधी फळ ठेवू, मग सौदा बोलू. भीक नको पण कुत्रं आवर, असं मनात म्हणत मी निघालो. पुढे मी, मागे क्रेट, मागे दोन शेतकरी आणि कडेनं सलीमभाई, रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की माझी ओळख करून देत.

तळ्यावर

देऊळ तळ्याच्या मधोमध आहे. चारी बाजूंना पाणी आणि आत जायला दगडी वाट. उन्हं उतरली होती, पाणी अगदी स्थिर होतं. असं शांत ठिकाण बाईंनी विचार करूनच निवडलं असणार. त्या काठावर उभ्या होत्या, निळी साडी, हातात छोटी पर्स. त्यांनी मला पाहिलं. मग माझ्या मागची वरात पाहिली. चष्मा नीट केला आणि सावकाश पाण्याकडे तोंड फिरवलं.

 दहा महिन्यांचं सगळं त्या पाठमोऱ्या निळ्या पदरात संपलं, असं मला वाटलं. आपण काही न बोलता सरळ देवळात निघून जावं म्हणजे निदान बाईंची अब्रू राहील, असं ठरवून मी पाऊल उचललं. तेवढ्यात बाबूराव ओरडले, "आवो बाई! तुमी हितं?"

बाबूरावांची मुलगी बीडला राहून बाईंच्या हाताखाली शिकलेली होती. सलीमभाईंची पण. बाईंना वळावंच लागलं.

"दर्शनाला आले होते," त्या म्हणाल्या.

"ह्ये बंगळुरूचे पाव्हणे. सीताफळाचे लई मोठे ब्यापारी."

"हो का?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सीताफळाच्या बिया गिळायच्या की थुंकायच्या हेसुद्धा मला नीट येत नाही, हे त्यांना माहीत होतं. "अरे वा."

त्या "अरे वा"नं मी घायाळ झालो. पण बाबूरावांचं बोलणं थांबलेलं नव्हतं. "बाई, तुमीच जरा बोला यांच्याशी. दुपारपासून नुसते बघतेत, बोलत न्हाईत. आमी तिघांनी आजचा माल पुण्याच्या टेम्पोत घातला न्हाई यांच्यासाठी. उद्यापर्यंत फळ मऊ पडंल, परवा फेकावं लागंल."

इथपर्यंत मला माझीच पडली होती. क्रेटमधलं वरचं फळ मी पाहिलं. त्याचे डोळे चांगलेच पडले होते. मला लाज वाटली, आणि ती बाईंच्या समोर वाटली म्हणून जास्तच.

"बाबूराव," मी म्हटलं, "मी व्यापारी नाही. माझी कंपनी नाही. मी बंदर खात्यातला पेन्शनर आहे. मी सकाळपासून खोटं बोलतोय."

 बाबूराव माझ्याकडे आणि मग क्रेटकडे बघत राहिले. सर्वांत जास्त लागलं ते सलीमभाईंना. "साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या जबानीवर आलेत ही माणसं."

मी माफी मागितली. दुसरं काय करणार? सलीमभाई दोन पावलं बाजूला गेले आणि त्यांनी फोन लावला. पुण्याच्या टेम्पोचं इंजिन त्यांच्याच गॅरेजात उघडून परत बांधलेलं होतं, आणि टेम्पोवाल्याला हे त्यांनी जरा चढ्या आवाजात आठवून दिलं. "साडेसहाला बायपासला थांबतोय," ते परत येऊन म्हणाले. "आता भरला तर सकाळी मार्केटला लागंल. बाकीचे क्रेट मी गाडीत घालून नेतो."

दोघे शेतकरी लगेच हॉटेलकडे निघाले. मला वाटलं, सुटलो. बाबूराव मात्र हलले नाहीत.

"फळाचं झालं," ते म्हणाले. "पर तुमी आलात कावून, ते सांगा की."

"दर्शनाला."

"बंगळुरूहून? इमानानं? आन् आमच्याशी खोटं बोलून?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "असं काय हाय ज्ये सांगता येत न्हाई? काय वंगाळ काम हाय का?"

मी बाईंकडे बघितलं नाही. मी तळ्याकडे बघितलं, देवळाकडे, माझ्या चपलांकडे.  एका जरी माणसाला कळलं तर विषय संपला, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि हा साधा माणूस आता माझ्याबद्दल काहीतरी वाईट मनात घेऊन आष्टीला जाणार होता, तेही मला सोसवेना. "वंगाळ नाही हो," एवढंच म्हटलं आणि रुमाल काढला. चौसष्ट वर्षांच्या माणसानं तळ्याच्या काठावर, चारचौघांत डोळे पुसले, हे मी लपवत नाही.

"बाबूराव," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला, अगदी शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. दगडी वाटेवरून येणाऱ्या दोन बायकाही थांबल्या. "ते मला बघायला आलेत."

सलीमभाईंच्या हातातला फोन तसाच राहिला.

"मीच बोलावलं होतं. कुणाला सांगू नका असंही मीच सांगितलं होतं, म्हणून हे सगळं झालं," बाई म्हणाल्या. मान वर होती, पण पर्सचा पट्टा त्या बोटाला गुंडाळत होत्या. "आणि मी सकाळपासून तीनदा साडी बदललीय. तेव्हा आता कुणी हसू नका."

कुणी हसलं नाही. बाबूरावांनी क्रेट खाली ठेवलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि बाईंकडे बघून म्हणाले, "निळी चांगली दिसती, बाई."